गुरुवारचं धुणं

मंगळवार, ११ नोव्हेंबर

अहो,

सलाम. मी बरी आहे. तुम्हीही बरे असाल असं धरून चालते, कारण आपा फोनवर तसंच सांगतात आणि तुम्ही काही फोनवर येत नाही. काल मी त्यांना म्हटलं, "त्यांच्या कानाला नुसता लावा, बोलायचं ते मी बोलते." तर तुमची बहीण म्हणते, "अगं, कान आहे जागेवर, माणूसच जागेवर नाही." म्हणून पत्र. लग्न झाल्यापासून तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच. एकमेकांपासून लांब राहायची वेळच आपल्यावर कधी आली नव्हती.

घरचं सांगते. मोरीतला नळ बदलून घेतला, आता गळत नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी आपल्यासाठी म्हणून रेडिओ बंद ठेवला होता. मीच जिना चढून सांगून आले, लावा हो, एवढं शांत घर मला ऐकवत नाही. कामाच्या खोलीतली खिडकी फुगून बसली होती, सुताराने रंधा मारून दिला. पैसे घेत नव्हता. मी म्हटलं, "आज फुकट केलंस तर उद्या कुठल्या तोंडाने बोलावू?" तेव्हा घेतले.

बायका येऊन बसतात. कुणाच्या घरी कुणी गेलं की आजवर मला बोलावणं यायचं. मी जायचे आणि धीरावर बोलायचे, चांगली अर्धा अर्धा तास, न अडखळता. चार पुस्तकं वाचलेली बाई म्हणून बायका ऐकायच्याही. परवा कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई आल्या. त्यांचे मालक वारले तेव्हा मी त्यांना जे म्हटलं होतं, तेच त्यांनी मला म्हणून दाखवलं. शब्दन् शब्द. फक्त नवऱ्याच्या जागी मुलगी घातली. मी म्हटलं, "छान बोललात." त्या म्हणाल्या, "तुमच्याकडूनच तर शिकले." मग आम्ही चहा घेतला. वाक्यं चांगली होती. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण ती मला कुठे लागलीच नाहीत, भिंतीवर फेकलेल्या चेंडूसारखी समोर पडली.

आता फळीचं.

मशिदीचे अध्यक्ष येऊन गेले. छताच्या कामासाठी उभी केलेली परांची महिनाअखेरीला उतरवणार आहेत. त्याआधी आपली बिस्मिल्लाहची फळी वर चढवायची, इमाम उभे राहतात त्या कमानीच्या वर. नंतर परत परांची बांधायची म्हणजे भलताच खर्च. अध्यक्ष भला माणूस, पण मुद्द्यावर यायला त्याला दोन कप चहा लागतो. शेवटी म्हणाला, "वहिनी, भाईंना त्रास नको. अलीकडे मशीनवर अक्षरं कापून मिळतात. हुबेहूब."

"हुबेहूब कुणासारखी?" मी विचारलं.

"म्हणजे, सुंदर असतात."

"सुंदर असतील. पण ती कुणी श्वास रोखून लिहिलेली नसतात."

तो उठला. जाताना दारात थांबून म्हणाला, "एक सुचवू? रागावू नका. खाली बारीक अक्षरात मुलीचं नाव टाकू. तिच्या हातचं काम आहे. आठवण राहील."

"आठवण ठेवायला आमच्या घरात जागा कमी पडली का?" मी म्हटलं. आणि मग मी बोलत सुटले. तुम्ही असता तर हसला असता. म्हटलं, अहो, जिथे माणूस आपलं कपाळ जमिनीला टेकवतो, तिथे मान वर केल्यावर त्याला आमच्या घरची पाटी दिसायला हवी का? आपण लोक देवाचं नाव लिहायला म्हणून बसतो आणि उठेपर्यंत आपलं लिहून मोकळे होतो. ज्यांनी नक्षी काढून खाली आपलं नाव टाकलं नाही, त्यांची नक्षी शेकडो वर्षं उभी आहे, आणि ज्यांनी नुसती नावं कोरली त्यांचं काय झालं बघा. असं बरंच. अध्यक्षाने मान खाली घातली. आवाज माझाच होता, चढही तोच. पण मी बाजूला बसून दुसऱ्या कुणाचं भाषण ऐकावं तसं ऐकत होते, आणि मनात चाललं होतं की ह्याचा कप उष्टा आहे, उचलायला हवा.

तुम्ही ठेवून गेलात तशीच फळी आहे, उत्तरेच्या भिंतीला टेकून. आपल्या ठिपकीने परकाराने आखलेली किनार पूर्ण आहे. बारा टोकांचा तारा कोपऱ्यात वळवताना तिने केलेली ती युक्ती आता वर्ख लावल्यावर दिसते. एक टोक पलीकडच्या ताऱ्याला उसनं दिलंय तिने, म्हणून कोपरा तुटत नाही. सुतार बराच वेळ बघत होता. म्हणाला, "हे मी लाकडात करायला गेलो असतो तर करवत फेकून घरी गेलो असतो." तुमची सगळी अक्षरं जागेवर आहेत. शेवटचा शब्द तेवढा नाही. तिथे खळ लावलेली पांढरी जागा तशीच कोरी, चार विती रुंद.

सोनं मी पूर्ण केलं. एक गोष्ट सांगते, कुणाला सांगू नका. वर्ख लावताना माझा हात थोडा तरी हलतो, तुम्हाला ठाऊक आहे. श्वास लागला की पान उडतं आणि मी चिडते, आणि ती मागून म्हणायची, "आई, सोनं भाषणाला घाबरतं." या वेळी एकही पान उडालं नाही. एकही सुरकुती नाही. इतका स्वच्छ वर्ख मी आयुष्यात लावला नव्हता. आत काहीच हलत नसलं की हात असा चालतो, हे मला माहीत नव्हतं.

तर माझा विचार असा आहे. शेवटच्या शब्दाचा तुमचा मोठा कच्चा खर्डा कागद घोटायच्या दगडाखाली दाबून ठेवलेला आहे, फळीच्या मापाचा. कडेकडेने सुईने टोचून घेईन, कोळशाची पूड दाबून फळीवर उतरवीन आणि आतलं शाईने भरीन. अक्षर तुमचंच राहील. हात माझा असला तरी वर चढल्यावर कुणाला कळणार नाही. तेव्हा यायची घाई करू नका. आपांकडे हवा चांगली आहे म्हणतात.

एक विचारायचं होतं. पण राहू दे.

उद्या पेटीत टाकते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पत्र टाकलं नाही. वर जे लिहिलं आहे ते फाडून नवं लिहावं असं वाटलं होतं, पण ते खोटं झालं असतं. मंगळवारी मी तशीच होते, तर तसंच राहू दे. आता पुढचं वाचा.

काल गुरुवार होता.

आपल्या घरची रीत तुम्हाला मी काय सांगणार, पण मला ती स्वतःलाच एकदा मांडून बघायची आहे. बाकीची माणसं वापरलेला कागद टोपलीत टाकतात. आपल्या कागदावर जे गिरवलेलं असतं, ते केरात जाऊ शकत नाही. म्हणून आठवडाभर तो वेताच्या करंडीत साठतो आणि गुरुवारी दुपारी मोठ्या घमेल्यात धुतला जातो. काजळीची शाई घोटलेल्या कागदावर नुसती बसलेली असते, आत मुरत नाही. पाण्यात कागद सोडला की आधी अक्षराच्या कडा सुटतात, मग पोट. कागद दोरीवर वाळतो आणि पुन्हा उपयोगी पडतो. ते पाणीही मोरीत जात नाही. बरणीत भरून ठेवलं की काजळी तळाशी बसते. वरचं पाणी झाडाच्या मुळाशी, खालचं पुढच्या शाईत. तुमचे अब्बा असं करायचे, तुम्ही करता, ठिपकीही करायची. लग्न होऊन आले तेव्हा मला ही काटकसर वाटली होती. सासरे म्हणाले, "काटकसर नाही सूनबाई. अदब आहे." तेव्हापासून मी ह्यावर कधी बोलले नाही, आणि मी न बोललेल्या गोष्टी किती थोड्या आहेत ते तुम्ही जाणता.

त्या गुरुवारी, तिला मातीत ठेवून तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं होतं. तुम्ही उठून कामाच्या खोलीत गेलात. मला वाटलं, पाठ टेकायला गेलात. थोड्या वेळाने मी आत आले तर तुम्ही बाह्या दुमडून घमेल्याशी बसला होता आणि दोरीवर कागद टांगलेले होते. पांढरे. करंडी रिकामी. करंडीत त्या आठवड्यात तुमचं काही नव्हतं. तुम्ही फळीवर लिहीत होता. करंडीत सगळं तिचं होतं. ती ताप घेऊन उठायची आणि गिरवायची. रहीम. फळीवरचा शेवटचा तोच एक शब्द, किती महिने. तुम्ही खाली लाल शाईने खुणा करायचा, इथे पोट जड, इथे मान मोडली, आणि शेवटी लिहायचा, पुन्हा. ती चिडून म्हणायची, "अब्बा, दयाळू लिहायला शिकवताना जरा तरी दया करा."

मी दारातून विचारलं, "तिचे कागद कुठे आहेत?"

तुम्ही घमेल्याकडे पाहिलंत.

मी तेव्हा ओरडले नाही. सगळ्यांना वाटलं होतं की ओरडेन. मी विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम केलंत की चुकून?" अगदी साध्या आवाजात, दूध आलं का असं विचारावं तसं. तुम्ही दुमडलेल्या बाह्या खाली केल्यात. दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीत आणि आपांकडे निघून गेलात. मंगळवारी जे विचारायचं राहू दे म्हटलं, ते हेच होतं. मला वाटत होतं, ह्याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी तुमच्यासमोर ताट मांडू शकणार नाही. मुद्दाम केलं असेल तर तुम्ही दगड आहात, आणि चुकून केलं असेल तर तिच्या हाताकडे तुमचं लक्षच नव्हतं. दोन्हीकडून तुम्हीच सापडत होता. मी युक्तिवाद करणारी बाई. तुम्हाला सुटायला वाट ठेवली नव्हती.

आता कालचं. मी दगड बाजूला केला, खर्डा काढला आणि टोचायला उजेड हवा म्हणून खिडकीशी नेला. सुई सापडेना. खर्डा करंडीवर आडवा ठेवला. करंडीत तुम्ही निघायच्या आदल्या रात्री टाकलेले तुमचे चार कागद होते. एवढ्यात आपांचा फोन आला. म्हणाल्या, "तुझा नवरा दिवसभर बोरू तासतो. तासतो आणि ठेवतो. लिहीत एक अक्षर नाही. घरभर त्याची कुसळं, झाडून झाडून माझी कंबर मोडली." मी म्हटलं, "शाई द्या पुढ्यात." त्या म्हणाल्या, "दिली. झाकण लावून परत केली." फोन ठेवला. दुपार झाली होती. गुरुवार होता. मी घमेलं काढलं, पाणी भरलं, बाह्या दुमडल्या आणि करंडी उपडी केली.

सगळ्यात वर तोच होता, म्हणजे सगळ्यात आधी तोच पाण्यात गेला. चार विती रुंद शब्द, पाण्यावर पसरलेला. मी बघत होते. कडा सुटायला लागल्या. धूर निघावा तशी शाई निघत होती. तेव्हा मला कळलं की हे काय आहे.

काढता आला असता. अर्ध्याहून जास्त शब्द अजून शाबूत होता, टोचायला पुरेसा. मी काढला नाही. मी कोपरा धरला आणि तो पाण्यात हळूहळू हलवला, तुम्ही हलवता तसा, डाग राहू नये म्हणून. मग उलटा केला. मग दोरीवर टांगला. चिमटे लावले. बाकीचे चार धुतले. हात पुसले.

मग खाली बसले आणि स्वतःलाच विचारलं, मुद्दाम केलंस की चुकून?

मला सांगता आलं नाही. आत्ताही येत नाही. मी खोटं बोलत नाही आणि पळवाटही काढत नाही. हात एक काम शिकलेले असतात. माणूस आत नसला तरी ते काम करतात, आणि नीट करतात. माझ्या वर्खाला सुरकुती पडली नाही, तसं. तुम्ही घमेल्याशी बसला होता तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी परत परत आठवत होते, निर्दयपणा शोधत होते. काल समजलं की काहीच नव्हतं. माझ्याही नव्हतं. आरशात पाहिलं नाही, पण ठाऊक आहे.

तेव्हा तो प्रश्न मी मागे घेते. तुम्हाला माफ करते असं नाही म्हणत. माफ करायला माणूस एक पायरी वर उभा असावा लागतो. मी तुमच्याच पायरीवर आहे, घमेल्याशी.

आता फळीचं खरं बोलते. माझ्याकडे खर्डा नाही. म्हणजे माझ्या हाताने होण्यासारखं आता काही उरलेलं नाही. फळीवर बाकी सगळं लिहून झालं आहे, नेमकी दया तेवढी राहिली आहे. लोक म्हणतात, भाई दुःखाने घर सोडून गेले. मला वाटतं, तुम्ही त्या शब्दापासून दूर गेलात. बोरू तासता आणि ठेवता, कारण लिहायला बसलं की तोच शब्द पुढे येतो, आणि जो शब्द तुम्ही तिच्याकडून महिनोन् महिने गिरवून घेतलात, तो तुम्हाला आता पटत नाही. मला तरी कुठे पटतो? दवाखान्यात, ताप उतरतोय असं सांगून गेलेली नर्स परत आली, तेव्हापासून मी तो शब्द तोंडाने म्हणते आणि तो तोंडातच राहतो. मी तुम्हाला पटवून द्यायला लिहीत नाही. त्या कामासाठी शिंपीणबाई आहेत.

पण एक गोष्ट मी मानते, आणि ती मी रडले नाही तरी मानते, भाषणासाठी नाही. मन लागलं तरच करायची ती भक्ती नाही, ती हौस. नमाज मन भरून आल्यावरच पढायची असती तर मशिदी कधीच ओस पडल्या असत्या. आपण तो शब्द आपल्याला वाटतं म्हणून लिहितच नव्हतो कधी. तो लिहायचा असतो म्हणून लिहितो. खाली उभं राहून मान वर करणाऱ्याला तो हवा असतो. त्याच्या घरी काय झालंय हे आपल्याला माहीत नाही, आणि आपल्या घरी काय झालंय हे त्याला कळू नये. एवढं साधं काम आहे हे. बधिर हातांनीही होतं. कदाचित बधिर हातांनीच ते नीट होतं. मला आता पूर्वीएवढी खात्री कशाचीच देता येत नाही.

शाईचं सांगते आणि थांबते. तुम्ही भरून ठेवलेली बरणी खिडकीखाली तशीच होती. ना तुम्ही ओतलीत, ना मी. काजळी खाली बसून वर पाणी काचेसारखं झालं होतं. आज सकाळी ते पाणी झाडाला घातलं. तळाची काजळी काढली. माझ्या कालच्या घमेल्यातली त्यात मिसळली. तिचं रहीम, तुमचं रहीम, आता कुठलं कुणाचं ते कुणालाही निवडता येणार नाही. डिंक भिजत घातला आहे. उद्या खलायला घेईन, रविवारपर्यंत शाई तयार होईल. ती एका शब्दाला पुरेल, दुसऱ्याला नाही. तेव्हा आधी खर्डा, मग फळी असं करता येणार नाही. थेट फळीवर, एकदाच.

तुम्हाला जमेल असं मी म्हणत नाही. कदाचित अक्षराचं पोट जड होईल, मान मोडेल. झालं तर तसंच वर चढवू. सुताराला सांगून ठेवलं आहे. तो म्हणाला, "भाईंना सांगा, फळीला बाक येणार नाही याची हमी माझी. अक्षराची मी देत नाही." मी म्हटलं, कुणीच देत नाही.

या. बोलू नका हवं तर. मीही फारसं बोलत नाही हल्ली, बघून आश्चर्य वाटेल. समोर बसा, मी फळी धरते.

आपांना सलाम. त्यांच्या कंबरेला शेकायला सांगा.

जिचं काम तुमच्यावाचून अडलं आहे, ती
तुमची बायको